बाळाला वाचून दाखवताना

आमच्या दुकानात तान्ह्या बाळासाठी पुस्तक घ्यायला आलेले आईबाबा आम्हाला हमखास विचारतात, "याला आत्तापासून काय कळणार?" गोष्ट कळणार नाही, हे खरंच आहे. पण आवाज कळतो, आणि तोही जन्माआधीपासून. १९८६ साली डीकॅस्पर आणि स्पेन्स या संशोधकांनी काही गरोदर स्त्रियांना शेवटच्या सहा आठवड्यांत एकच गोष्ट रोज मोठ्याने वाचायला सांगितली. जन्मल्यावर त्या बाळांनी नव्या गोष्टीपेक्षा तीच ओळखीची गोष्ट ऐकणं पसंत केलं. हे कळलं त्यांच्या चोखण्याच्या लयीवरून: चोखणी चोखायची लय बदलून बाळं हवी ती गोष्ट ऐकू शकत होती.

तेव्हा वाट पाहू नका. तान्ह्या बाळाला २०-३० सेंटीमीटरवरचंच जरा स्पष्ट दिसतं. मांडीवर घेतल्यावर तुमचा चेहरा साधारण तेवढ्याच अंतरावर असतो. काळ्या-पांढऱ्या, ठळक चित्रांवर त्याची नजर ठरते. मजकूर कुठला, याला या वयात फारसं महत्त्व नाही. तुम्ही स्वतःसाठी वाचत असलेलं मोठ्याने वाचलंत तरी चालेल.

सहा महिन्यांच्या आसपास पुस्तक थेट तोंडात जातं. जाऊ द्या, या वयात वस्तू अशीच ओळखली जाते. यासाठीच आम्ही जाड पुठ्ठ्याची, गोल कोपऱ्यांची पुस्तकं सुचवतो. लाळ लागलेली पानं ओलसर फडक्याने पुसून उघडी वाळवा. सुटलेला तुकडा मात्र लगेच काढून टाका, तो घशात अडकू शकतो.

वर्षाच्या सुमारास बाळ चित्रावर बोट ठेवू लागतं, आणि खरी गंमत इथून सुरू होते. आता ओळी पुऱ्या करायची घाई सोडा. बोट कुत्र्यावर असेल तर कुत्र्याबद्दल बोला, गोष्ट कासवाची का असेना. "हा काय करतोय?" असं विचारा आणि थांबा. ते "भू" म्हणालं तर तुम्ही म्हणा, "हो, भूभू पळतोय!" संशोधक व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या पालकांना अशाच पद्धतीने वाचायला शिकवलं. महिनाभरातच ती मुलं बोलण्यात पुढे गेलेली दिसली. रेकॉर्ड केलेली गोष्ट अशी थांबत नाही, म्हणून ती तुमची जागा घेऊ शकत नाही.

तेच पुस्तक पुन्हा पुन्हा मागितलं तर कंटाळू नका. त्याच गोष्टीत तेच शब्द परत भेटले की ते पक्के होतात. त्यामुळे ढीगभर पुस्तकं घेऊ नका, असं आम्ही विक्रेते असूनही सांगतो. सुरुवातीला चार-पाच पुरेत. फक्त ती उंच कपाटात न ठेवता बाळाचा हात पोहोचेल अशी ठेवा.

मूल मध्येच उठून गेलं तर पुस्तक मिटा, मागे लागू नका. बाबा, आजी-आजोबा, ताई-दादा, कुणीही वाचावं, आणि ज्या भाषेत आपण मोकळेपणाने बोलतो त्याच भाषेत वाचावं. दुकानात येताना बाळालाही आणा. पुस्तकं हाताळून पाहायला इथे पूर्ण मुभा आहे.