एअर घेणे (डिझेल वाहन)

डिझेलच्या गाडीत टाकीपासून पंपापर्यंतच्या वाटेत कुठेतरी बाहेरची हवा शिरू लागली, की मुंबईच्या गॅरेजांत ‘गाडी एअर घेते’ असे म्हणतात. शिरलेली हवा पाइप आणि पंपातून बाहेर घालवणे म्हणजे ‘एअर काढणे’. ‘इंधनमार्गातील हवागळती’ असा पुस्तकी शब्द करता येईल, पण वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलवर तो कोणी ओळखणार नाही. शिवाय गळती म्हटले की ठिबकणारे डिझेल डोळ्यांपुढे येते, आणि या दोषात बहुतेक वेळा काहीच ठिबकत नाही. सगळी अडचण तिथेच आहे.

जुन्या रचनेत फीड पंप (टाकीतून डिझेल ओढून आणणारा पंप) इंजिनावर असतो आणि टाकी त्याच्यापेक्षा खाली, मागे. पंप डिझेल ओढतो, म्हणून टाकी ते पंप या पट्ट्यात दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी राहतो. शहाळ्यातली नळी वरच्या अंगाला चिरलेली असली तर पाणी सांडत नाही, तोंडात हवा येते, तसेच हे. पंपाच्या पुढे फट पडली तर डिझेल बाहेर येते, वास सुटतो, डाग पडतो, दोष सापडतो. अलीकडच्या अनेक गाड्यांत विजेचा पंप टाकीतच बसवलेला असतो. तिथे पुढचा सगळा पाइप दाबाखाली असल्याने इंजिन चालू असताना गळती ओलीच दिसते. त्यामुळे बॉनेट उघडण्याआधी या गाडीचा पंप कुठे आहे, हे माहीत हवे.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा मारला की ते पेटते. डिझेल दाबले तरी जवळजवळ आकसत नाही, हवा मात्र आकसते. पंपाचा धक्का बुडबुड्यात जिरतो आणि फवारा मारणाऱ्या नोझलपर्यंत पोचत नाही. जुन्या यांत्रिक नोझलची सुई उचलायला इंजिनाप्रमाणे साधारण १०० ते २५० बार दाब लागतो. कॉमन रेल गाडीत, म्हणजे जिथे एकाच दाबाच्या नळीतून (रेल) सगळ्या इंजेक्टरांना, म्हणजे फवारा मारणाऱ्या भागांना, डिझेल मिळते तिथे, ठरलेला किमान दाब (अनेक गाड्यांत २०० बारच्या आसपास) रेलमध्ये तयार झाल्याशिवाय संगणक इंजेक्टर उघडतच नाही. मग स्कॅनरवर (गाडीच्या संगणकातले दोष वाचणाऱ्या यंत्रावर) पी ००८७ हा कोड येतो. त्याचा अर्थ इतकाच, की रेलमधला दाब कमी आहे. तो का कमी आहे हे कोड सांगत नाही, आणि दहा रुपयांच्या वॉशरचा गुन्हा हजारो रुपयांच्या पंपावर शेकतो.

लक्षणे रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत उठून दिसतात. बारीक फटीतून हवा शिरली की पाइपातला डिझेलचा स्तंभ हळूहळू टाकीकडे उतरतो. सकाळी सेल्फ मारत राहावे लागते, किंवा फिल्टरमध्ये उरलेल्या डिझेलवर गाडी चटकन सुरू होऊन काही सेकंदांत बंद पडते. उतारावर नाक वर करून उभी केली तर त्रास वाढतो, नाक खाली केले तर कमी होतो. फुकटात होणारी ही चाचणी फार कमी लोक करतात. मोठी फट असेल तर चालत्या गाडीतही आयडलिंग (एक्सिलरेटर न दाबता असलेला इंजिनाचा वेग) वरखाली होते आणि बोरघाटात भार आला की दम तुटतो. मात्र टाकीत डिझेल कमी असताना चढावर किंवा वळणावर ओढनळी उघडी पडूनही हेच होते. म्हणून आधी टाकी निम्मी तरी भरावी.

दुसरी सोपी परीक्षा फिल्टरवरच्या हातपंपाची. सकाळी सेल्फ न मारता तो दाबावा. दोनचार दाबांत कडक झाला तर पाइप भरलेला आहे, दोष दुसरीकडे शोधावा. बराच वेळ मऊच लागला आणि त्यानंतर गाडी एका सेल्फमध्ये उठली, तर एअरचा संशय पक्का धरावा.

खात्रीसाठी फिल्टर आणि पंपाच्या मध्ये वीतभर पारदर्शक नळी जोडतात. इंजिन चालू झाले की आत पिवळसर डिझेल सरकताना दिसते. सुरुवातीचे बुडबुडे जोडणीचेच असतात. पाचदहा मिनिटांनीही मण्यांची माळ थांबली नाही तर हवा येते आहे. इथे एक फसवणूक होते. फिल्टर चोंदला असेल तर ओढ इतकी वाढते, की डिझेलमध्ये विरघळलेली हवाच सुटून बुडबुडे दिसतात आणि नसलेली फट शोधण्यात दिवस जातो. व्हॅक्यूम गेज (पाइपातली ओढ मोजणारे मीटर) लावले तर उलगडा होतो : चोंदलेल्या वाटेत काटा खूप चढतो, फुटक्या वाटेत चढायलाच तयार नसतो.

फट कुठे आहे हे वाट तोडत तोडत शोधायचे. डिझेलने भरलेला डबा घेऊन पंपाची ओढनळी त्यात सोडावी, परतीची नळीही त्यातच. गाडी नीट चालली तर दोष टाकीच्या बाजूला, नाही तर डब्याच्या पुढे. मग एकेक टप्पा मागे सरकायचे. बरेच मिस्त्री डबा बॉनेटला टांगतात, ते चुकीचे आहे. उंचावरून डिझेल आपोआप उतरते, ओढ नाहीशी होते आणि फट झाकली जाते. डबा जमिनीवरच ठेवावा. संशय असलेल्या जोडावर चालत्या इंजिनात ग्रीसचा जाड थर चोपडला आणि आयडलिंग सावरले, तर चोर तिथेच आहे.

उलटी पद्धतही वापरतात : टाकीला ०.२ ते ०.३ बार एवढाच दाब देऊन जोड ओले होतात का पाहणे. पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरची हवा थेट टाकीत सोडली तर टाकी फुगते किंवा फुटते.

नेहमीची ठिकाणे ठरलेली आहेत. फिल्टर नुकताच बदलला असेल तर त्याची रबरी रिंग आणि खालचा पाणी काढायचा स्क्रू आधी पाहावा. मग बेंजो बोल्टचे (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) पुन्हा वापरलेले तांब्याचे वॉशर, हातपंपाचा वाल्व्ह, इंजिनाच्या उष्णतेने कडक झालेले रबरी पाइप. मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत लोखंडी पाइप चॅसीच्या पट्टीखाली गंजतो. वरून रंग शाबूत आणि आत टाचणीएवढे भोक. उंदरांनी कुरतडलेले पाइप वेगळेच.

शहरातल्या टॅक्सी-रिक्षा आता सीएनजीवर असल्याने हा दोष मुख्यतः ट्रक, टेम्पो आणि बंदरावर जाणाऱ्या ट्रेलरांचा राहिला आहे. मच्छीमार बोटींनाही तो चुकत नाही. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीत इंजिन थंड पडून राहते, आणि पाइपात फट असेल तर ऑगस्टात निघण्याआधी हातपंप मारत बसावे लागते.

जुन्या इंजिनात नोझलच्या पाइपाचे नट ढिले करून सेल्फ मारत एअर काढतात. कॉमन रेलवर हे कधीही करू नये. हजार बारच्या पुढची धार कातडी भेदून आत जाते. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसली तरी ताबडतोब शस्त्रक्रियेची गरज पडू शकते. तिथे एअर काढायची ती फक्त कमी दाबाच्या बाजूने.

तपासणीची पारदर्शक नळी काम झाल्यावर आठवणीने काढावी. साधे प्लास्टिक डिझेलने आणि उष्णतेने कडक होते, क्लिपखाली चिरते, आणि काही महिन्यांनी गाडी नेमकी तिथूनच एअर घेऊ लागते.