बर्बेरे आणि मितमिता: रंग सारखा, काम वेगळं

इथिओपियाचे हे दोन मसाले शेजारी ठेवले तर दोन्ही लाल, दोन्ही तिखट. म्हणून एक नसेल तर दुसरा ढकलून देतात, आणि तिथेच पदार्थ फसतो. बर्बेरे शिजवायचा मसाला आहे, मितमिता बहुतेक वेळा वरून घ्यायचा.

बर्बेरेचा व्याप मोठा. तिथल्या घरांत सुक्या लाल मिरच्यांबरोबर आलं-लसूण कुटून उन्हात वाळवतात. मग मेथी, ओवा, कलौंजी, लवंग, सताप, तुळशीच्या जातीची बेसोबेला आणि कोररिमा घालून दळतात. कोररिमा म्हणजे तिथली वेलची. घरोघरी प्रमाण बदलतं. चवीला आपल्या कांदा-लसूण मसाल्याच्या वळणाचा, फक्त खोबरं-तीळ नाहीत आणि मेथी पुढे येते.

डोरो वॉट, म्हणजे कोंबडी-अंड्याचा रस्सा, करताना भरपूर कांदा आधी तेल-तुपाशिवाय मंद आचेवर परततात. नंतर निटर किब्बे हे मसालेदार तूप आणि बर्बेरे. पुढे तो बराच वेळ शिजतो; घाई केली तर कच्च्या मेथीचा कडूपणा रश्शात उतरतो. मसुराच्या मिसिर वॉटलाही हाच मसाला. उपवासाच्या दिवशी तूप वर्ज्य, मग तेलात.

मितमितात असा पसारा नाही: बारीक जहाल मिरची, कोररिमा, मीठ, बहुतेकदा लवंग. किटफो, म्हणजे तुपात कालवलेला कच्चा खिमा, याच्यावर चालतो. तो शिजणार नसतो, म्हणून मसाल्यातलं मीठही हिशेबात धरावं लागतं.

घरी करायचं तर बर्बेरेला रंगासाठी बेडगी आणि तिखटपणासाठी थोडी लवंगी मिरची घ्या. अर्धी वाटी मिरचीपुडीला एक लहान चमचा मेथी, अर्धा ओवा, अर्धी कलौंजी, पाच-सहा वेलच्यांचे दाणे, तीन-चार लवंगा, सुंठ आणि वाळवलेला लसूण. मेथी मंद आचेवर नुसती गरम करा. लाल झाली की कडवट होते. सताप आणि बेसोबेला इथे सहज मिळत नाहीत. त्यांच्याऐवजी काहीतरी कोंबण्यापेक्षा सोडून दिलेलं बरं. मितमितासाठी पाव वाटी लवंगी मिरचीपुडी, एक लहान चमचा वेलचीदाणे, चार लवंगा आणि चवीपुरतं मीठ. दळताना खिडकी उघडी ठेवा, ठसका लागतोच.

आणि मितमिता वॉटमध्ये बर्बेरेच्या मापाने घालू नका. रंग येणार नाही, दाटपणा येणार नाही, नुसती आग होईल.