रिपोर्ट नॉर्मल, तरी दुखणं खरं: जुनाट वेदनांच्या प्रकारांमागचा इतिहास

मिरजेच्या दवाखान्यांत सांगली-साताऱ्याचे तसेच सीमेपलीकडचे कर्नाटकातले रुग्णही येतात. त्यांतल्या अनेकांचं गाऱ्हाणं एकच असतं: महिनोन्‌महिने दुखतंय, पण एक्स-रेत आणि रक्ताच्या तपासणीत काही निघत नाही. मग कुणीतरी म्हणतं, ‘मनाचं आहे.’ बायकांच्या वाट्याला हे जास्त येतं, आणि हा त्यांच्यावर सरळ अन्याय आहे.

या समजुतीची मुळं जुनी आहेत. फ्रेंच तत्त्ववेत्ता देकार्त याचं शरीराविषयीचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, 1660च्या दशकात छापलं गेलं. दोरी ओढली की वरची घंटा वाजावी, तशी इजा झाली की मेंदूत वेदना उमटते, असं त्यात मांडलं होतं. म्हणजे इजा नाही तर वेदनाही नाही. डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 साली मिरजेत मिशन हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हाही जगभरच्या वैद्यकावर या विचाराचा पगडा होता.

त्याला तडे मात्र आधीच गेले होते. अमेरिकेतल्या यादवी युद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांना नसलेल्या अवयवात कळा येत. सायलस वीअर मिचेल या डॉक्टरने त्यांच्या नोंदी केल्या. गोळी नसेला (म्हणजे मज्जातंतूला) चाटून गेल्यावर जखम भरूनही उरणारी आगही त्याने नोंदवली. नसेच्या वेदनेचं हे नीट केलेलं सुरुवातीचं वर्णन. ज्यांना मधुमेहामुळे रात्री तळपाय जळजळतात, किंवा नागीण बरी होऊनही त्या जागी कापडाचा स्पर्श सोसवत नाही, त्यांचं दुखणं याच जातीचं. झिजलेल्या गुडघ्याचं किंवा सुजलेल्या सांध्याचं दुखणं वेगळं, तिथे नस शाबूत असते आणि ती इजेची खरी वर्दी देत असते.

मोठा बदल 1965 साली झाला. मेलझॅक आणि वॉल या संशोधकांनी असं मांडलं की मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशाला जणू फाटक असतं. मेंदू ते उघडू-मिटू शकतो. संदेश वाटेतच कमी-जास्त होतो, हे एकदा मान्य झाल्यावर इजेच्या प्रमाणात वेदना असलीच पाहिजे हा आग्रह टिकेना. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 1979 साली वेदनेची व्याख्या केली, तीत भावनेलाही जागा दिली.

तरीही फायब्रोमायल्जियासारखी दुखणी अधांतरीच राहिली. अंगभर दुखतं, झोप लागत नाही, पण सांधे धड आणि नसाही धड. अशा वेदनेसाठी ‘नॉसिप्लास्टिक’ हा तिसरा प्रकार त्याच संघटनेने स्वीकारला तो थेट 2017 साली. इथे वेदना हाताळणारी चेतासंस्थाच अतिसंवेदनशील झालेली असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत तीन महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या वेदनेला स्वतंत्र स्थान आहे. ही यादी 2022 पासून लागू झाली.

प्रत्यक्षात हे प्रकार एकमेकांत मिसळतात. वर्षानुवर्षं ऊसतोड केलेल्या माणसाच्या कमरेत मणक्याची झीज असते, शिवाय दबलेल्या नसेमुळे पायात चमकही उतरते. उपचार मात्र प्रकारानुसार बदलतात. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांचा नसेच्या दुखण्यावर फारसा उपयोग होत नाही. त्यासाठी प्रिगॅबालिन, अमिट्रिप्टिलीन अशी वेगळी औषधं आहेत. तिसऱ्या प्रकारात हळूहळू वाढवलेला व्यायाम आणि सुधारलेली झोप हा उपचाराचा गाभा. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या महिनोन्‌महिने घेत राहिलं तर मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. म्हणून डॉक्टरांना ‘दुखतंय’ एवढंच न सांगता ठणकतं, जळजळतं, मुंग्या येतात की चमक निघते, हेही सांगावं. पुष्कळदा प्रकाराचा पहिला माग त्यातूनच लागतो.