कालवांच्या बीजाचे खाद्य : सूक्ष्मशैवाल संवर्धनाची पार्श्वभूमी

कोकणात कालवं खडकावरून काढतात, तिसऱ्या (शिंपले) खाडीच्या वाळूत वेचतात. त्यांना खायला कोणी घालत नाही, भरतीचे पाणीच ते आणून देते. माणसाने त्यांचे बीज (लहान पिल्ले) हॅचरीत, म्हणजे बीजनिर्मिती केंद्रात, तयार करायला घेतले, तेव्हा ही जबाबदारी त्याच्यावर आली आणि ती पेलायला पाऊणशे वर्षांहून अधिक काळ गेला. आजही बीजाच्या उत्पादनखर्चाचा साधारण ३० टक्के वाटा त्याच्या खाद्यावर, म्हणजे सूक्ष्मशैवालावर (पाण्यात तरंगणाऱ्या एकपेशीय वनस्पतींवर) जातो.

१८७९ च्या सुमारास अमेरिकेत विल्यम ब्रूक्स यांनी कालवाची अंडी कृत्रिमरीत्या फलित करून दाखवली, पण अळ्या जगवता आल्या नाहीत. अंडे फलित झाल्यावर दिवसभरात अळीला दोन झडपांचे कवच येते आणि तिला खावे लागते. तिच्या तोंडात साधारण १० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठा कण मावत नाही. समुद्राचे पाणी बारीक गाळले तर हे खाद्य निघून जाते. न गाळले तर अळ्या खाणारे जीव टाकीत शिरतात. १९२० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यात विल्यम वेल्स यांनी दुधातली साय वेगळी करणाऱ्या यंत्राचा उपयोग केला. त्यातून वेल्स-ग्लान्सी पद्धत आली: पाणी यंत्रातून फिरवून मोठे जीव काढायचे, मागे उरलेले बारीक शैवाल उन्हात वाढू द्यायचे आणि तेच पाणी अळ्यांना द्यायचे. ही पद्धत स्वस्त होती, पण टाकीत नेमके कोणते शैवाल माजेल ते त्या दिवशीचा समुद्र ठरवी.

खरा टप्पा १९३८ चा. आयल ऑफ मॅनवरील पोर्ट एरिन येथे मेरी पार्क यांनी बारीक, कवचहीन, शेपटीवजा धाग्यांनी पोहणारे शैवाल वेगळे काढले. १९४० मध्ये ब्रूस, नाइट आणि पार्क यांनी कालवाच्या अळ्या ठरावीक आहारावर वाढवण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यातले ‘फ्लॅजेलेट आय’ पुढे, १९४९ मध्ये, आयसोक्रायसिस गॅल्बाना या नावाने नोंदले गेले. हिरवे दिसेल ते सगळे खाद्य नाही, ही गोष्ट या कामातून पुढे आली आणि आमच्या मते हॅचरीचा सगळा इतिहास याच मुद्द्याभोवती फिरतो. क्लोरेला हे हिरवे शैवाल वाढवायला सर्वांत सोपे, पण त्याची जाड पेशीभित्ती कोवळ्या अळीला पचत नाही. पोट भरलेले दिसते, अळी मात्र वाढत नाही.

१९५८ मध्ये अमेरिकेत डेव्हिस आणि गिलार्ड यांनी दहा प्रजातिगटांची तुलना केली, तेव्हा आयसोक्रायसिस आणि मोनोक्रायसिस (आजचे पावलोव्हा) सरस ठरले. एकाच शैवालापेक्षा मिश्रण बरे, हेही दिसले. त्याचे कारण पुढे स्निग्धाम्लांच्या (फॅटी ॲसिडच्या) अभ्यासातून उलगडले. आयसोक्रायसिसमध्ये डीएचए हे स्निग्धाम्ल भरपूर असते, कीटोसेरॉससारख्या डायटममध्ये (सिलिकाचे कवच असलेल्या शैवालात) ईपीए. डुनालिएला या शैवालात ही लांब साखळीची स्निग्धाम्ले जवळजवळ नसतात.

शैवाल हुकमी वाढवायचे तर त्याचे खतही हुकमी हवे. पूर्वी समुद्राच्या पाण्यात मातीचा अर्क घालत, पण प्रत्येक मातीचा गुण वेगळा. गिलार्ड आणि रायदर यांनी १९६२ मध्ये ‘एफ’ माध्यम, म्हणजे खताचे ठरावीक मिश्रण, मांडले. त्याची निम्मी मात्रा म्हणजे एफ/२, आजही सर्वाधिक वापरात असलेली. लिटरभर पाण्यात सोडियम नायट्रेट ७५ मिलिग्रॅम, सोडियम फॉस्फेट ५ मिलिग्रॅम, शिवाय ईडीटीए या रसायनाने विरघळता ठेवलेले लोह व सूक्ष्म धातू आणि बी-१, बी-१२ व बायोटिन ही जीवनसत्त्वे. डायटमसाठी सोडियम सिलिकेट ३० मिलिग्रॅम वेगळे घालतात. आयसोक्रायसिसला ते लागत नाही. ब्रिटनमधल्या वेल्स प्रांतातील कॉन्वी येथील केंद्रात पीटर वॉल्न यांनी घडवलेले माध्यमही हॅचऱ्यांत तितकेच रुळले. त्यात नायट्रेट लिटरला १०० मिलिग्रॅम.

खत माहीत झाले तरी संवर्धन कोसळायचे थांबत नाही. परीक्षानळीतला मूळ साठा निर्जंतुक ठेवायचा, तिथून २५० मिलिलिटरचा फ्लास्क, मग ३-४ लिटर, २० लिटरचा कारबॉय (मोठी बाटली) आणि शेवटी पॉलिथीनची पिशवी किंवा फायबरची उभी टाकी. प्रत्येक पायरीवर पेशी वेगाने दुणावत असतानाच साधारण १० टक्के विरजण पुढे न्यायचे. वाढ थांबलेले संवर्धन पुढे नेले तर नवी टाकी दिवसचे दिवस हलत नाही, आणि तेवढ्यात सिलिएट (शैवाल खाणारे सूक्ष्मजीव) व जिवाणू जागा घेतात. मोठ्या टाकीचे पाणी १ मायक्रॉनमधून गाळून हायपोक्लोराइटने निर्जंतुक करतात, नंतर सोडियम थायोसल्फेटने क्लोरीन मारतात. क्लोरीन उरले नाही याची तपासणी केल्याशिवाय विरजण घालू नये. दाट संवर्धनाला नुसती हवा पुरत नाही. पेशी विरघळलेला कार्बन संपवतात, पीएच ९ च्या वर जातो आणि वाढ खुंटते. म्हणून हवेत थोडा कार्बन डायऑक्साइड मिसळतात.

उष्ण प्रदेशात आणखी एक अडचण होती. थंड समुद्रातून आलेल्या वाणांना आपला उन्हाळा सोसत नाही. १९७७ मध्ये फ्रेंच पॉलिनेशियातून मिळालेला आयसोक्रायसिसचा वाण ‘टी-आयसो’ २५ ते ३० अंश तापमानात चांगला वाढतो, म्हणून उष्णकटिबंधातल्या हॅचऱ्यांत तो झपाट्याने पसरला. २०१३ पासून त्याचे नाव टिसोक्रायसिस ल्युटिया. भारतात तुतिकोरिनच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या केंद्रात १९८१ मध्ये मोत्याच्या शिंपल्याचे बीज हॅचरीत तयार झाले. तेव्हा अळ्यांचा मुख्य आहार आयसोक्रायसिस गॅल्बानाच होता.

मात्रेचा हिशेब सोपा आहे. १,००० लिटरच्या टाकीत मिलिलिटरला ५०,००० पेशी हव्या असतील आणि हिमोसायटोमीटरने (पेशी मोजण्याच्या काचपट्टीने) मोजता संवर्धनात मिलिलिटरला ५० लाख भरल्या, तर १० लिटर द्यायचे. उरलेले खाद्य पाहूनच पुढची मात्रा ठरवावी. जास्त दिले तर पेशी तळाला बसून कुजतात आणि जिवाणू माजतात. यंत्रातून आटवून शीतकपाटात ठेवलेली शैवालाची पेस्ट आता विकत मिळते. मोठ्या बीजाला ती चालते, पण पहिल्या आठवड्यातल्या अळ्यांसाठी पोहत राहणाऱ्या जिवंत पेशीच आम्ही वापरायला सांगतो.