विंटरफिलेथ

विंटरफिलेथ : इंग्लंडमधील मँचेस्टर येथील मेटल (विद्युत गिटारांवर उभारलेले जोरकस रॉक) संगीताचा बँड. स्थापना 2006–07 च्या सुमारास. गायक व गिटारवादक क्रिस नॉटन आणि ड्रमवादक सायमन लुकास हे त्याचे आधारस्तंभ. अँग्लो-सॅक्सन काळातील (सु. पाचवे ते अकरावे शतक) काव्य, लढाया व कालगणना आणि त्यांच्या जोडीला उत्तर व मध्य इंग्लंडचा डोंगराळ मुलूख हे त्याच्या रचनांचे विषय. समीक्षक त्याला कधी ‘ब्लॅक मेटल’ (कर्कश स्वर व वेगवान गिटारांचे उग्र मेटल), तर कधी ‘पेगन मेटल’ (ख्रिस्ती धर्मापूर्वीच्या जुन्या धर्मांचे विषय घेणारे मेटल) या शाखेत घालतात. बँडने स्वतःसाठी ‘इंग्लिश हेरिटेज ब्लॅक मेटल’ असे वर्णन वापरले आहे. प्रस्तुत नोंदीत हेच वर्णन अधिक नेमके मानले आहे. त्याची कारणे बँडच्या आधारसाहित्यात आहेत आणि त्या साहित्याचा विचार खाली काहीसा विस्ताराने केला आहे.

बँडने आपले नाव जुन्या इंग्लिश कालगणनेतील एका महिन्यावरून घेतले. या महिन्याचा आधार जॅरो येथील मठातील विद्वान बीड (सु. 673–735) याने 725 मध्ये लॅटिनमध्ये लिहिलेल्या कालगणनेवरील ग्रंथात मिळतो. त्याच्या पंधराव्या प्रकरणात इंग्लिश लोकांच्या जुन्या महिन्यांची यादी आहे. बीड सांगतो की हे लोक वर्षाचे उन्हाळा आणि हिवाळा असे दोनच भाग करीत आणि ज्या महिन्याच्या पौर्णिमेपासून हिवाळा धरीत तो महिना विंटरफिलेथ. त्याचा मेळ तो ऑक्टोबरशी घालतो. महिने चांद्र होते. त्यामुळे सौर वर्षाशी सांगड राहावी म्हणून जून-जुलैच्या दोन ‘लिथा’ महिन्यांना काही वर्षी तिसरा लिथा जोडला जाई. आपल्या पंचांगातील अधिक मासाची योजना याच गरजेतून आलेली आहे.

बीडची ही माहिती कितपत विश्वसनीय आहे, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. बीड ख्रिस्ती संन्यासी होता आणि त्याने हे प्रकरण ख्रिस्ती होण्यापूर्वीचा, अनेक देवतांचा जुना धर्म बहुतांशी मागे पडल्यावर लिहिले. रोमहून आलेला धर्मप्रसारक ऑगस्टीन केंटमध्ये 597 मध्ये उतरला. जुन्या धर्माचा शेवटचा इंग्लिश राजा म्हणून ज्याचा उल्लेख होतो तो वाइट बेटाचा आर्वाल्ड 686 च्या सुमारास मारला गेला, तेव्हा बीड बारा-तेरा वर्षांचा असावा. म्हणजे जुने महिने प्रत्यक्ष पाळलेली माणसे त्याच्या लहानपणी हयात असणे अशक्य नाही. उलट बाजूने असे म्हटले जाते की बीड मुळात कालगणिती होता आणि विस्कळीत स्थानिक प्रथांना त्याने स्वतः नीटस चौकट दिली असावी. हा वाद सर्वाधिक गाजला तो एप्रिलच्या सुमाराच्या महिन्याला नाव देणाऱ्या इओस्त्रे देवीवरून. तिचा उल्लेख बीडखेरीज कोणीच करीत नसल्याने ती त्याच्या तर्कातून जन्मली, असे मत दीर्घकाळ मांडले गेले. 1958 मध्ये जर्मनीतील मोर्केन-हार्फ येथे ‘ऑस्ट्रियाहेने’ या मातृदेवतांना वाहिलेले दीडशेवर रोमनकालीन शिलालेख सापडले आणि या मताला धक्का बसला. फिलिप शॉ यांनी 2011 मध्ये या नामसाधर्म्याच्या आधारे इओस्त्रे ही एका मर्यादित प्रदेशाची देवता असावी, असे प्रतिपादन केले. हे मत आज अधिक ग्राह्य वाटते. विंटरफिलेथपुरते पाहिल्यास आणखी एक आधार आहे. दहाव्या शतकाच्या उत्तरार्धातील एका जुन्या इंग्लिश पद्यपंचांगात ऑक्टोबरला बेटावरचे अँगल आणि सॅक्सन लोक याच नावाने ओळखतात, असे म्हटले आहे. मात्र त्या कवीने बीड वाचला असण्याचा संभव असल्याने त्याची साक्ष पूर्णपणे स्वतंत्र मानता येत नाही.

इंग्लंडमध्ये मेटल संगीताची जुन्या धर्माशी सांगड नेमकी कधी पडली, हेही वादग्रस्त आहे. पेगन मेटलचा उगम सामान्यतः स्वीडनच्या बॅथोरी या बँडच्या 1988 आणि 1990 च्या अल्बमांत शोधला जातो. पण नॉटिंगहॅमच्या सॅबट या बँडचा ‘ड्रीमवीव्हर’ (1989) हा अल्बम या चर्चेत बऱ्याचदा मागे राहतो, हे योग्य नाही. तो ब्रायन बेट्स या मानसशास्त्रज्ञाच्या ‘द वे ऑफ विर्ड’ (1983) या कादंबरीवर आधारलेला आहे. सातव्या शतकातील एक तरुण ख्रिस्ती लेखनिक जुन्या धर्माच्या लोकांत पाठवला जातो आणि तिथल्या जाणत्याच्या हाताखाली बदलत जातो, असे तिचे कथानक आहे. बेट्स यांनी त्यासाठी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील हार्ली 585 या सु. 1000 च्या हस्तलिखितातील औषधोपचार व मंत्र वापरले. नऊ वनस्पतींचा प्रसिद्ध मंत्र याच पोथीत आहे आणि त्यात वोडेन देवाचे नाव येते. बॅथोरीचा 1988 चा अल्बम आधीचा असल्याने सॅबटला अग्रक्रम देता येत नाही. तरीही इंग्लिश परंपरा स्कँडिनेव्हियाची नुसती नक्कल नव्हती, तिला तिचा स्वतःचा ग्रंथाधार होता, एवढे यावरून निश्चित दिसते. सॅबटचा गायक मार्टिन वॉकयर याने 1990 मध्ये न्यूकॅसल येथे स्कायक्लॅड हा बँड उभा केला. फोक मेटलची (लोकसंगीताशी जोडलेल्या मेटलची) सुरुवात अनेक जण तिथून धरतात. पुढे सरे परगण्यातील फोरफादर आणि संडरलंडचा वोडेनस्थ्रोन (अल्बम 2009 व 2012, विसर्जन 2016) यांनी अँग्लो-सॅक्सन विषय हाताळले. विंटरफिलेथ याच ओळीतला, मात्र सर्वांत सातत्याने काम केलेला बँड होय.

2007 मधील ध्वनिमुद्रणानंतर 2008 मध्ये कॅनडातील प्रोफाउंड लोअर या कंपनीने ‘द घोस्ट ऑफ हेरिटेज’ हा पहिला अल्बम काढला. त्यातील दोन रचना बँडची दृष्टी समजण्यासाठी महत्त्वाच्या आहेत. पहिलीचा विषय डर्बीशरमधील मॅम टॉर हा 517 मीटर उंचीचा डोंगर आहे. त्याची पूर्वेकडची बाजू हजारो वर्षे घसरत आली आहे, म्हणून त्याला थरथरता डोंगर म्हणतात. पायथ्याचा मुख्य रस्ता सततच्या भूस्खलनामुळे 1979 मध्ये कायमचा सोडून द्यावा लागला. माथ्यावर तटबंदीचे अवशेष आहेत. मँचेस्टर विद्यापीठाने 1965–69 मध्ये तिथे उत्खनन केले. झोपड्यांच्या सपाट जागांतील कोळशाचा काळ कार्बनमापनाने इ. स. पू. बाराव्या शतकाच्या आसपास आला. परंतु तट आणि झोपड्या समकालीन आहेत की तट नंतरचा, हे त्यावरून ठरत नाही. तट लोहयुगीन मानणारे मत पूर्वी प्रचलित होते, आता ब्राँझयुगाच्या अखेरीकडे कल आहे.

दुसरी रचना 991 मधील माल्डनच्या लढाईवर आहे. एसेक्सचा सरदार बिर्थनोथ याने ब्लॅकवॉटर खाडीकाठी व्हायकिंग फौजेला तोंड दिले आणि तो पडला. ज्या कवितेमुळे ही लढाई आठवते तिच्या 325 ओळी शिल्लक आहेत, आरंभ आणि शेवट हरवले आहेत. मूळ पोथी 1731 मध्ये लंडनच्या अ‍ॅशबर्नहॅम हाउसला लागलेल्या आगीत जळाली. त्याआधी केलेल्या नकलेवरून टॉमस हर्न याने ती 1726 मध्ये छापली होती, म्हणून ती वाचली. ही नक्कल जॉन एल्फिन्स्टन याची समजली जाई. आता ती डेव्हिड कॅस्ली याच्या हातची मानतात. आणि इथे ‘पेगन’ या संज्ञेची मोठी अडचण दिसते : बिर्थनोथ श्रद्धाळू ख्रिस्ती होता, ईली येथील मठाचा दाता होता आणि जुन्या देवांचे लोक त्याचे शत्रू होते.

‘द मर्सियन स्फिअर’ (2010, कॅंडललाइट रेकॉर्ड्‌स) या अल्बमात एक्झेटर पोथीतील दोन कविता येतात. ही पोथी दहाव्या शतकाच्या उत्तरार्धातील असून एक्झेटरचा पहिला बिशप लिओफ्रिक (मृत्यू 1072) याने ती तिथल्या कॅथीड्रलला दिली. एका कवितेत धनी आणि सोबती गमावलेला एकटा माणूस गार समुद्रावर भटकतो. तिच्यातील ‘सोबती नसलेला माणूस पुन्हा जागा होतो’ हा भाव अल्बममधील एका शीर्षकात जवळजवळ जसाच्या तसा उतरला आहे. दुसरी कविता एका ढासळलेल्या दगडी नगराची आहे. बहुतेक अभ्यासक ते नगर बाथ येथील रोमन अवशेष मानतात, कारण कवितेत गरम पाण्याच्या स्नानगृहांचा उल्लेख आहे. चेस्टरचेही नाव घेतले गेले आहे, पण तो पक्ष दुबळा आहे. पोथीची शेवटची पाने जळाल्यामुळे अवशेषांवरची ही कविता स्वतः अवशेषरूपातच हाती आली आहे. आठव्या किंवा नवव्या शतकातील इंग्लिश कवी परक्या, निघून गेलेल्या लोकांच्या भिंतींसमोर उभा राहतो आणि त्यांना राक्षसांनी बांधलेले काम म्हणतो.

बँडचा विषय ‘प्राचीन ब्रिटिश इतिहास’ असाही सांगितला जातो. तसे म्हणताना हीच गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. मॅम टॉरवर राहणारे लोक इंग्लिश नव्हते. अँग्लो-सॅक्सन पाचव्या शतकात आले, तेव्हा बेटावरच्या ब्रिटन लोकांच्या दृष्टीने ते आक्रमक होते. रोमन स्नानगृहे तिसऱ्याच लोकांची. विंटरफिलेथच्या रचनांत हे सर्व थर एका भूमीचा वारसा म्हणून एकत्र येतात. इतिहासाच्या काटेकोर दृष्टीने याला हरकत घेता येईल, पण एक्झेटर पोथीच्या कवीनेही हेच केले होते. मागच्यांचे जे उरले त्याच्यापुढे उभे राहणे हा या बँडचा खरा विषय आहे. जुन्या देवांची उपासना तिथे दुय्यम आहे. म्हणून ‘पेगन’पेक्षा ‘हेरिटेज’ हे वर्णन श्रेयस्कर ठरते.

संगीतदृष्ट्या बँड नॉर्वेच्या उल्व्हर आणि युक्रेनच्या ड्रुड्ख यांच्या वळणाचा आहे : एकाच सुरावर वेगाने चालणारे गिटार, अखंड द्रुत ड्रम, कर्कश मुख्य स्वर आणि त्यामागे एकसुरात गायलेले पुरुषस्वर. हे समूहगायन त्याची सर्वांत ओळखीची खूण होय. ‘द डार्क हिअरआफ्टर’ (2016) मध्ये उल्व्हरच्या 1995 च्या एका रचनेचे इंग्लिश रूप आहे. अल्बमांच्या मुखपृष्ठांवर बहुधा डोंगरदऱ्यांची छायाचित्रे असतात.

‘द हॅलोइंग ऑफ हेअरडम’ (2018) हा अल्बम पूर्णपणे अकूस्टिक, म्हणजे विद्युत गिटारांविना वाजवलेला आहे. त्यातील एका रचनेला बीडच्या यादीतील विंटरफिलेथच्या आधीच्या महिन्याचे नाव आहे. दुसरी ‘एकरबोट’ या शेत सुपीक करण्याच्या विधीवर आहे. अकराव्या शतकातील पोथीत हा विधी दिला आहे. शेताच्या चार बाजूंची ढेकळे पहाटेआधी काढायची, त्यांवर तेल, मध, यीस्ट आणि दूध घालायचे, ती चर्चमध्ये नेऊन त्यांवर प्रार्थना म्हणवून घ्यायच्या आणि सूर्यास्तापूर्वी जागेवर ठेवायची. मग नांगरट करताना ‘एर्चे, एर्चे, एर्चे, धरणीमाते’ अशी हाक द्यायची. एर्चे ही देवी की निरर्थक मंत्राक्षर, हे ठरलेले नाही. एकाच विधीत धरणीमाता आणि ख्रिस्ती प्रार्थना निःसंकोच नांदतात, हे मात्र स्पष्ट आहे. बँडच्या आधारसाहित्याचे स्वरूप याहून चांगले दाखवणारे उदाहरण नाही.

युरोपात पेगन मेटलचा काही भाग वंशवादी राजकारणाशी जोडला गेल्याने, सुरुवातीच्या वर्षांत विंटरफिलेथवरही संशय घेतला गेला. राज्यरक्षणाची भाषा करणारी शीर्षके त्याला कारण झाली असावीत. बँडने असा संबंध वारंवार नाकारला आहे. कीबोर्डवादक मार्क डीक्स यांनी लीड्स विद्यापीठात उत्तर व पूर्व युरोपीय हेवी मेटलमधील राष्ट्रीय अस्मिता या विषयावर पीएच.डी. केली आहे. त्यांचा स्वतंत्र प्रकल्प ‘आर्ड’ याचा 2022 चा पहिला अल्बम उत्तर इंग्लंडमधील सातव्या शतकातील संत कथबर्टच्या अस्थींच्या प्रवासावर आहे.

इतर अल्बम : ‘द थ्रेनडी ऑफ ट्रायम्फ’ (2012), ‘द डिव्हिनेशन ऑफ अँटिक्विटी’ (2014), ‘द रेकनिंग डॉन’ (2020) आणि ‘द इम्पीरिअस होरायझन’ (2024). 2024 च्या अल्बमात आयर्लंडच्या प्रायमॉर्डिअल या बँडचा गायक अ‍ॅलन अ‍ॅव्हरिल एका रचनेत पाहुणा म्हणून गायला आहे.