अमेरिकी नोकऱ्यांच्या स्थलांतराची साठ वर्षे

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी कुशल कामगारांना तिथे नोकरी करू देणाऱ्या एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर १ लाख डॉलरचे शुल्क लावले आणि हिंजवडीपासून हैदराबादपर्यंत घरोघरी तोच विषय सुरू झाला. ‘आमच्या नोकऱ्या बाहेर गेल्या’ ही अमेरिकेतली तक्रार मात्र जुनी आहे, आणि तिची सुरुवात आयटीतून झालेली नाही.

ती झाली कारखान्यांतून. १९६३ साली फेअरचाइल्ड सेमिकंडक्टर या अमेरिकी कंपनीने ट्रान्झिस्टर जुळवण्याचे काम हाँगकाँगला नेले. त्याच वर्षी लागू झालेल्या अमेरिकी जकातीच्या तक्त्यात एक सोय होती. अमेरिकेत तयार झालेले सुटे भाग बाहेर पाठवायचे, तिथे जोडून घ्यायचे आणि परत आणायचे. जकात पडायची ती फक्त बाहेर वाढलेल्या किमतीवर. ही वाढ म्हणजे मुख्यतः मजुरी, आणि स्वस्त मजुरीसाठीच तर माल बाहेर जात होता. पुढच्या वर्षी मेक्सिकन शेतमजुरांना अमेरिकेत आणणारी ब्रासेरो योजना बंद पडली. सीमेवर बेकारांची गर्दी झाली, तेव्हा मेक्सिकोने १९६५ पासून तिहुआना, हुआरेझसारख्या शहरांत परदेशी कारखान्यांना सवलती दिल्या. कापलेले कापड सीमेपलीकडे जायचे, शिवलेले कपडे अलीकडे यायचे. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्यातल्या १९९४ च्या नाफ्टा व्यापार कराराने या वाटेवरचे उरलेसुरले अडसरही काढले.

आपल्याकडचा धागा मुंबईत सुरू होतो. १९७३ मध्ये अंधेरीत सीप्झ हे निर्यातीसाठीचे खास क्षेत्र उभे राहिले. फकीरचंद कोहलींच्या नेतृत्वाखालच्या टीसीएसने १९७४ च्या सुमारास बरोज या अमेरिकी कंपनीसाठी सॉफ्टवेअर निर्यात सुरू केली. १९८१ मध्ये इन्फोसिसची नोंदणी पुण्यात झाली. सुरुवातीला मात्र काम इकडे येत नव्हते, माणसे तिकडे जात होती. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बंगळुरूत केंद्र काढून उपग्रहामार्फत ते अमेरिकेशी जोडायचे ठरवले आणि माणूस न पाठवता नुसते काम पाठवता येते हे दिसू लागले.

खरी उसळी आली ती २००० सालाच्या धास्तीने. जुन्या प्रोग्रॅममध्ये जागा वाचवायला वर्षाचे शेवटचे दोनच अंक ठेवलेले. ००चा अर्थ संगणक १९०० लावणार ही भीती. बँका-विमा कंपन्यांचे कोबोल या जुन्या संगणकी भाषेतले लाखो ओळींचे कोड वाचून जिथे जिथे तारीख येते ती जागा शोधायची, सुधारायची, तपासायची. काम किचकट, मुदत न हलणारी. ते भारतीय कंपन्यांनी वेळेत केले आणि आपला प्रोग्रॅम सांभाळणारा माणूस शेजारच्या इमारतीत असायलाच हवा असे नाही, याची अमेरिकी ग्राहकांना खात्री पटली. एप्रिल २००२ मध्ये परदेशी फोनसेवेतली व्हीएसएनएलची (विदेश संचार निगमची) मक्तेदारी संपली, दर उतरले आणि कॉल सेंटरही आली. पुण्यातल्या हजारो मध्यमवर्गीय घरांत पगाराचे आकडे एका पिढीत बदलले ते यामुळेच.

तिकडे वाद पेटला. फेब्रुवारी २००४ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांचे आर्थिक सल्लागार ग्रेगरी मॅन्क्यू यांनी आउटसोर्सिंग हा व्यापाराचाच नवा प्रकार असून दीर्घकाळात देशाच्या फायद्याचा आहे, असे मत मांडले. त्यांच्याच पक्षाचे नेते त्यांच्यावर तुटून पडले. त्याच वर्षी अर्थतज्ज्ञ पॉल सॅम्युएलसन यांनी दाखवून दिले की, आपण ज्यात वरचढ आहोत त्याच कामात समोरचा देश तरबेज झाला, तर आपले एकूण उत्पन्नही कायमचे घटू शकते.

दोघांच्या वादात देशाचा एकूण हिशेब होता. घाव कुठे बसला हे चीनमुळे कळले. डिसेंबर २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत आला. तिथून येणाऱ्या मालातला बराचसा अमेरिकी कंपन्यांनीच बनवून घेतलेला असे. २००० ते २०१० या काळात अमेरिकेतल्या कारखानी नोकऱ्या सुमारे १ कोटी ७३ लाखांवरून १ कोटी १५ लाखांवर आल्या. यंत्रे आणि २००८ ची मंदी हीही कारणे होतीच. अर्थतज्ज्ञ डेव्हिड ऑटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ ते २०११ या काळात गेलेल्या २० ते २४ लाख नोकऱ्यांचा संबंध चिनी आयातीशी जोडला. मला त्यांचा दुसरा निष्कर्ष जास्त महत्त्वाचा वाटतो: कारखाना गेला तरी माणसे गाव सोडून गेली नाहीत. स्वस्त शर्टाचा फायदा साऱ्या देशाला थोडा थोडा मिळाला. तोटा मात्र फर्निचर, कापड, खेळणी बनवणाऱ्या ठरावीक गावांवर कोसळला. अपंगत्व भत्त्यावर जगणारे वाढले.

हे होणार याची कल्पना नव्हती असे नाही. केनेडींच्या १९६२ च्या व्यापार कायद्यातच अशा कामगारांसाठी प्रशिक्षण आणि भत्त्याची योजना होती. पण ऑटर यांच्याच अभ्यासात, त्या गावांत या योजनेतून पोचलेली वाढीव मदत अपंगत्व भत्त्याच्या वाढीपुढे नगण्य निघाली. सेवाक्षेत्र तर २००९ पर्यंत योजनेबाहेरच होते. सॉफ्टवेअर ही ‘वस्तू’ नाही म्हणून प्रोग्रॅमरांचे अर्ज फेटाळले गेले. पुढे अमेरिकी संसदेने मुदत वाढवली नाही आणि १ जुलै २०२२ पासून योजनेत नव्या कामगारांना प्रवेश देणे थांबले.