मऊ भात पुरत नाही

पुण्यात पेठांपासून कोथरूड-औंधपर्यंत अशी कितीतरी घरं आहेत, जिथे सत्तरी ओलांडलेले नवरा-बायको दोघंच राहतात आणि दुपारी बाहेरून एकच डबा येतो. चार पोळ्या, एक भाजी, पातळ आमटी, मूदभर भात. दुपारी थोडं, रात्री उरलेलं, शिवाय चहा-बिस्किट. “आम्हा दोघांना एक डबा पुरतो,” असं ते सांगतात, आणि त्यांचं पोट खरंच भरतं. शरीराची गरज मात्र त्यात भागत नाही, आणि हे कळायला बरेच महिने जातात.

वयाबरोबर भूक कमी होते, ती काही उगाच नाही. ‘सायन्स’ या नियतकालिकात २०२१ साली आठ दिवसांच्या बाळापासून ९५ वर्षांपर्यंतच्या सुमारे ६,४०० माणसांची मोजमापं एकत्र करून अभ्यास छापून आला. शरीराच्या आकारमानाचा हिशेब धरला, तर विशी ते साठी ऊर्जेचा खर्च जवळजवळ स्थिर असतो, असं त्यात दिसलं. साठीनंतर तो दरवर्षी साधारण ०.७ टक्क्याने उतरतो आणि नव्वदीत मध्यमवयाच्या मानाने सुमारे २६ टक्के कमी होतो. त्यातच जठर सावकाश रिकामं होतं, म्हणून चार घासांतच पोट भरल्यासारखं वाटतं. वास आणि चव बोथट होतात. दात हलतात किंवा कवळी टोचते, मग भाकरी, उसळ, कोशिंबीर ताटातून एकेक करून नाहीशी होते आणि मऊ भात, ताकभात, दूध-पोळी उरते.

ऊर्जेची गरज उतरते, पण प्रथिनं, कॅल्शियम, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व यांची गरज तेवढीच राहते, काहींची वाढते. म्हणजे आता प्रत्येक घासाला जास्त काम आहे. घडतं नेमकं उलट. ‘म्हातारपणी हलकं खावं’ हा सल्ला चुकीचा नाही, पण हलकं म्हणजे पचायला हलकं. पोषणाने हलकं असा त्याचा अर्थ घेतला की नुकसान सुरू होतं.

सगळ्यांत मोठं नुकसान स्नायूंचं. मध्यमवयापासून दर दहा वर्षांत ३ ते ८ टक्के स्नायू झिजतात, साठीनंतर वेग वाढतो, आणि ताकद तर स्नायूंच्या वजनापेक्षाही लवकर उतरते. या झिजेला १९८९ साली अर्विन रोझेनबर्ग यांनी ‘सार्कोपेनिया’ हे नाव दिलं. त्याचा ग्रीक अर्थ मांसाची वाण. वजनकाट्यावर ही झीज दिसेलच असं नाही, कारण स्नायूंच्या जागी चरबी भरते आणि आकडा तोच राहतो. त्यापेक्षा घरी एक चाचणी करा. हात छातीशी घडी घालून साध्या खुर्चीतून पाच वेळा पूर्ण उभं राहायचं आणि बसायचं. कोणीतरी शेजारी उभं असावं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पायांची ताकद कमी झाली आहे असं धरतात. पोटरीच्या सर्वांत जाड भागाचा घेरही टेपने मोजावा. पुरुषांत ३४ आणि बायकांत ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर डॉक्टरांशी बोलावं. हे आकडे आशियाई लोकांसाठी २०१९ साली ठरवलेले आहेत.

प्रथिनांच्या बाबतीत म्हातारा स्नायू थोडा बहिरा होतो. तरुण माणसात एका जेवणातल्या २० ग्रॅम प्रथिनांनी स्नायूबांधणी चांगली चालू होते. उतारवयात त्यासाठी एका बैठकीला २५ ते ३० ग्रॅम लागतात. म्हणून सर्वसाधारण प्रौढासाठी राष्ट्रीय पोषण संस्थेची शिफारस दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम असली, तरी वृद्धांच्या पोषणातले तज्ज्ञ १ ते १.२ ग्रॅम सांगतात. ६० किलोच्या माणसाला रोज ६० ते ७२ ग्रॅम. (मूत्रपिंडाचा विकार असेल तर हा आकडा डॉक्टरांनीच ठरवायचा.)

आता नेहमीच्या दिवसाचा हिशेब मांडू. सकाळी चहा-बिस्किट २ ग्रॅम, बशीभर पोहे ५-६, दुपारी दोन पोळ्या ६, वाटीभर पातळ वरण ४, भात आणि भाजी मिळून ४-५, चारचा चहा आणि खारी ३, रात्री दूधभात किंवा मऊ खिचडी ७. बेरीज जेमतेम ३१ ते ३३. गरजेच्या निम्मी.

ही तूट भरायला ताट मोठं करायची गरज नाही, कारण जास्त खाल्लं जाणारच नाही. तेच ताट घट्ट करायचं. खिचडीत तांदूळ आणि मूगडाळ समसमान घ्यायची. ३० ग्रॅम तांदूळ आणि ३० ग्रॅम डाळ यांत साडेनऊ ग्रॅम प्रथिनं येतात, आणि तांदळात कमी असलेलं लायसिन (प्रथिनांचा एक आवश्यक घटक) डाळ भरून काढते. वरण घट्ट ठेवायचं. वरचं पाणी वाढून खालची डाळ पातेल्यात उरणं ही फार घरांतली सवय आहे. गिरणीत गहू देताना नऊ किलोला एक किलो भाजलेलं सोयाबीन घातलं, तर पिठातली प्रथिनं साधारण १२ टक्क्यांवरून १४ वर जातात. सोयाबीन कच्चं दळू नये. त्यातले पचनाला अडथळा करणारे घटक उष्णतेने निष्प्रभ होतात आणि उग्र वासही जातो. कढी, खीर, चहा यांत साय काढलेल्या दुधाची पावडर दोन चमचे, म्हणजे १५ ग्रॅम घातली, की ५ ग्रॅम प्रथिनं जागा न व्यापता पोटात जातात. चावता येत नसेल तर मोडाची मटकी वाफवून भरड वाटावी, डाळींची धिरडी करावीत, दाण्याचं कूट सढळ घालावं, भाकरी घट्ट आमटीत कुस्करावी. चालत असेल त्यांना दोन अंडी, १२-१३ ग्रॅम. सकाळचा नाश्ता सगळ्यांत दुबळा असतो, तिथून सुरुवात करावी: भाजणीचं थालीपीठ, वाटीभर दही आणि दाण्याची चटणी मिळून १५ ग्रॅमपर्यंत सहज पोचतं.

उपवासाच्या दिवशी हा हिशेब पार कोसळतो. १०० ग्रॅम साबुदाण्यात पाव ग्रॅमही प्रथिनं नसतात. खिचडीत जी असतात ती दाण्याच्या कुटाची. एकादशी, चतुर्थी, सोमवार असे उपवास धरणाऱ्यांनी राजगिरा, दही, दूध, शेंगदाणे यांवर भर द्यावा. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील, तर उपवासाआधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय राहू नये. काही गोळ्यांनी रिकाम्या पोटी साखर धोक्याच्या पातळीपर्यंत उतरते.

बी-१२ बद्दल पुणेकरांनी जास्त सावध असायला हवं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुणे आणि परिसरातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली. २००६ साली ती प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ६७ टक्क्यांमध्ये बी-१२ कमी आढळलं. शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण ८१ टक्के होतं. शाकाहारात ते जवळपास फक्त दूध-दह्यातून मिळतं. वयाबरोबर काहींच्या जठरातलं आम्ल घटतं आणि अन्नातल्या प्रथिनाला चिकटलेलं बी-१२ सुटं होत नाही. मधुमेहावरचं मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीच्या रोजच्या गोळ्या यांनीही ते खालावतं. गोळीतलं बी-१२ आधीच सुटं असतं, म्हणून आम्ल कमी असणाऱ्यांनाही ते उपयोगी पडतं. तळपायाला मुंग्या, चालताना तोल जाणं, जीभ लाल होऊन झोंबणं, विसरभोळेपणा ही लक्षणं ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नयेत. रक्ताची साधी तपासणी पुरते. उशीर झाला तर मज्जातंतूंची हानी पूर्ण भरून येत नाही. बी-१२ कमी असताना फॉलिक ॲसिड एकटंच घेतल्यास रक्तक्षय सुधारतो आणि मज्जातंतूंचं नुकसान आत चालूच राहतं.

ड जीवनसत्त्वासाठी पहाटेचं फिरणं कामाचं नाही. हनुमान टेकडीवर किंवा सारसबागेत साडेसहाच्या कोवळ्या उन्हात ड बनवायला त्वचेला लागणारे अतिनील-ब किरण जवळजवळ नसतातच. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की ते पुरेसे असतात. पुण्यात मे महिन्यात ही वेळ सकाळी साडेनऊलाच येते, डिसेंबरात मात्र साडेअकरा ते दीड एवढीच. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन उपयोगाचं नाही. शिवाय सत्तरीतली त्वचा तरुण त्वचेच्या निम्म्याहून कमी ड बनवते, म्हणून अनेकांना औषध लागतंच. ६०,००० युनिटची पुडी मात्र डॉक्टरांनी सांगितलेल्या आठवड्यांनंतर थांबवायची असते. ती दर आठवड्याला महिनोन्‌महिने चालू ठेवली तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं. मळमळ, बद्धकोष्ठ, फार तहान आणि गोंधळलेपण येतं, आणि घरच्यांना ते म्हातारपणाचंच वाटतं.

कॅल्शियम रजोनिवृत्तीनंतर बायकांना रोज १,२०० मिलिग्रॅम लागतं. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम असतं, पण बराचसा भाग सालीत. सत्त्व करताना चोथा गाळून टाकला तर तेही जातं, म्हणून नाचणीची भाकरी सत्त्वापेक्षा सरस. कॅल्शियम कार्बोनेटची गोळी जेवणाबरोबर घ्यावी, आणि थायरॉइडच्या गोळीपासून चार तास दूर.

तहानेचं केंद्रही मंदावतं. त्यात रात्री उठावं लागू नये म्हणून पुष्कळ जण दुपारनंतर पाणीच सोडतात, आणि एप्रिलच्या उन्हाळ्यात मग चक्कर येऊन पडतात. बायकांनी १.६ आणि पुरुषांनी २ लिटर पेयं दिवसभरात, त्यातली बहुतेक संध्याकाळी सहाच्या आत घ्यावीत. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी मात्र डॉक्टरांची मर्यादा पाळावी.

खाणं सुधारलं तरी पायांना काम न मिळालं तर स्नायू बांधले जात नाहीत. १९९० च्या एका प्रसिद्ध प्रयोगात नव्वदीतल्या वृद्धांनी आठ आठवडे वजनांचा व्यायाम केला आणि त्यांच्या मांड्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. घरी खुर्चीतून आठ-दहा वेळा उठबस, थोडी विश्रांती घेऊन पुन्हा एकदा, आठवड्यातून तीन दिवस, ही चांगली सुरुवात आहे.

सगळ्यांत जपायची वेळ म्हणजे आजारपण. सरासरी ६७ वर्षांच्या निरोगी माणसांना दहा दिवस नुसतं अंथरुणात ठेवलं, तर त्यांच्या पायांतला जवळजवळ एक किलो स्नायू गेला. आजारात प्रथिनांची गरज दर किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅमपर्यंत वाढते, आणि नेमकं तेव्हाच आपण आजारी माणसाला तांदळाची पेज आणि साबुदाण्याची खीर देतो. पेज द्यायला हरकत नाही, पण मूगडाळ घालून शिजवावी. खीर दुधातच करून उतरवताना दोन चमचे दूध पावडर विरघळवावी, आणि दोन जेवणांऐवजी दर अडीच-तीन तासांनी वाटीभर द्यावी. डॉक्टरांची परवानगी मिळाली त्याच दिवशी आधार देऊन त्यांना पलंगावरून उठवून खुर्चीत बसवावं आणि ती खीर तिथेच खाऊ घालावी.